नळाच्या पाण्यामागचा धूर
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



वधूवर परिचय, गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार आणि समाजभवनाचा निधी हे आपल्या संमेलनाचे नित्याचे विषय होत. त्यांत आज आम्ही पाणी, वीज आणि हवेत साठणारा धूर असा रुक्ष वाटणारा विषय घेऊन उभे आहोत. परंतु हा विषय आपल्या ज्ञातीस परका नाही. पाणी हा तर आपला कुळाचाराच आहे. म्हणूनच हे बोलणे दुसरीकडे न करता आपल्या माणसांत करावे, असे आम्हांस वाटले.

प्रतिवर्षी या व्यासपीठावरून आपण आपल्या पूर्वजांचे गुणगान ऐकतो. चांद्याच्या गोंड राजांनी आपल्या कोहळी पूर्वजांना काशीकडून या प्रांती आणिले, ही परंपरागत कथा आपल्या घरांत लहान मुलेही जाणतात. जो जंगल तोडील त्यास ती जमीन आणि जो तलाव बांधील त्यास त्या तलावाखाली भिजणारी जमीन, असे अभय राजांकडून मिळाले अशी आख्यायिका आहे. त्या आश्रयाने वैनगंगेच्या या खोऱ्यात तलावांची जी मालिका निर्माण झाली, तिची साक्ष नवेगावबांध, शिवनीबांध, सिरेगावबांध ही गावांची नावेच देत आहेत. अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी यांनी बांधिलेला नवेगावचा जलाशय आजही सुमारे ११ चौरस किलोमीटर पसरलेला आहे, आणि त्या कर्त्या पुरुषास लोकांनी कोलासुर म्हणून देवपद दिले आहे. तलाव बांधणाऱ्यास देव मानणारा हा मुलूख आहे.

परंतु गुणगान पुरे. आम्हांस आज त्या तलावांच्या एका गुणाकडे लक्ष वेधावयाचे आहे. तो इतका साधा आहे की आपण तो कधी बोलूनही दाखविला नाही. तो गुण असा की, त्या पाण्यास उचलावे लागत नसे. आपल्या पूर्वजांनी दोन टेकड्यांमधील खोलगट जागा हेरून मातीची पाळ घातली आणि पाणी उंचावर अडविले. पाळीत तुडूम बसविले आणि जादा पाणी सुखरूप निघून जावे म्हणून सलंग ठेविली. तुडूम उघडले की पाणी स्वतःच्याच भाराने पाटातून बांधीत आणि एका बांधीतून दुसऱ्या बांधीत उतरत जाई. वरच्या तलावाचे सांडलेले पाणी खालच्या तलावात आणि त्याचे पुढच्या बोडीत जाई. त्यास ना कोळसा लागे, ना तेल. शिवाय तलावात मुरलेल्या पाण्याने पाळीखालच्या विहिरी भरत. वैशाखातही दोन हात दोर सोडला की घागर बुडे. आजच्या भाषेत बोलावयाचे तर हा धूर न करणारा पाणीपुरवठा होता.

यावरून आम्ही जुन्याचे अंध अभिमानी आहोत असा ग्रह कोणी करून घेऊ नये. त्या काळी विहिरीपासून घरापर्यंतचे ओझे कोणाच्या डोक्यावर होते, हे आमच्या भगिनींस सांगावयास नको. पाच माणसांच्या कुटुंबास दरडोई ५५ लिटर या हिशेबाने दिवसाला २७५ लिटर पाणी लागते. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो. म्हणजे जवळजवळ पावणेतीन क्विंटलांचे ओझे रोज घरात यावयाचे. एवढे पाणी डोक्यावरून येणे शक्यच नव्हते. म्हणून घरात पाणी कमी वापरले जाई, आणि त्या काटकसरीतून रोगराई वाढे. २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनने दरडोई ५५ लिटर पाणी घरापर्यंत नळाने पोहोचविण्याचा संकल्प केला, तो सर्वथा स्तुत्य होय. नळ आला ही गोष्ट चांगलीच झाली. आमचे म्हणणे एवढेच की, ते ओझे नाहीसे झालेले नाही. ते आमच्या आईबहिणींच्या डोक्यावरून उतरले आणि कोळशाच्या माथी गेले.

ते कसे, हे थोड्या हिशेबाने पाहू. एक हजार लिटर पाण्याचे वजन एक टन भरते. ते नदीतून उपसावयाचे, शुद्धीकरण केंद्रात न्यावयाचे, तेथून उंचावरील टाकीत चढवावयाचे आणि वाटेत नळाच्या भिंतीशी होणारे घर्षण सोसावयाचे. या साऱ्यास वीज लागते. पंप व मोटर कितीही उत्तम असली तरी घेतलेल्या विजेचा काही भाग उष्णतेत आणि खडखडाटात जातोच. चांगला पंपसंच शंभरातील साठ भाग किंवा त्याहून काहीसे अधिक पाण्याच्या कामी लावतो. झिजलेला, चुकीच्या मापाचा अथवा पुनःपुन्हा गुंडाळलेल्या मोटरीचा संच चाळीस भागांवरही येतो. आपल्या देशात अजून बरीचशी वीज कोळशापासून होते, आणि एका युनिटामागे सरासरीने सुमारे ७०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. ज्यास पूर्वी शाळेत कर्बद्विप्राणिल वायू म्हणत, तोच हा वायू. तो पृथ्वीभोवती घोंगडीसारखे काम करून उष्णता अडवितो. यंत्रयुगापूर्वी हवेच्या दहा लक्ष भागांत त्याचे सुमारे २८० भाग होते. आज ते ४२० च्या वर गेले आहेत.

याचा आपल्या बांधीशी काय संबंध, असे कोणी विचारील. पावसाच्या नोंदींचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रज्ञांनी असे दाखविले आहे की, १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात विस्तृत प्रदेशावर कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना सुमारे तिप्पट झाल्या. रोवणीच्या वेळी आकाशाकडे डोळे लावून बसावयाचे आणि कापणीच्या तोंडी लोंब्या पाण्यात लोळताना पाहावयाच्या, हा अनुभव धान पिकविणाऱ्या आपल्या घरांस नवा राहिलेला नाही. त्यास्तव हा विषय पुस्तकी नव्हे.

आता गोंदिया शहराचेच उदाहरण घेऊ. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या १,३२,८१३ होती. शहरी पाणीपुरवठ्याचे मान दरडोई १३५ लिटर धरतात. म्हणजे रोज सुमारे १ कोटी ८० लक्ष लिटर पाणी लोकांच्या हाती पडावयास हवे. हे पाणी मुख्यतः डांगोर्ली येथून, वैनगंगेतून उचलले जाते. चढाव व घर्षण मिळून एकंदर ८० मीटरांची उचल पडते असे केवळ हिशेबापुरते धरू. पंप शंभरात साठ भाग काम देणारा असेल आणि वाटेत एक थेंबही गळत नसेल, तर दिवसाला सुमारे साडेसहा हजार युनिट वीज लागेल, आणि तिच्यामागे साडेचार टनांहून अधिक कार्बन डायऑक्साइड हवेत जाईल.

परंतु समजा, उचललेल्या पाण्याचा एक तृतीयांश वाटेतच गळाला. आपल्या देशातील जुन्या नळयोजनांत अशी गळती विरळा नाही. मग तेवढेच पाणी लोकांच्या हाती देण्यास दीडपट पाणी उचलावे लागेल आणि वीजही दीडपट लागेल. त्यातच पंप झिजून चाळीस भागांवर आला असेल, तर पुन्हा दीडपट. दीडाची दीडपट म्हणजे सव्वादोन पट. साडेसहा हजार युनिटांच्या जागी साडेचौदा हजारांहून अधिक युनिट जळतील, आणि नागरिकांस एक तांब्याही अधिक पाणी मिळणार नाही! बंधूंनो, आमच्या भाषणातील एवढीच गोष्ट आपण घरी नेली तरी आम्ही कृतार्थ होऊ. गळती आणि जुना पंप यांचे नुकसान एकमेकांत मिळविले जात नाही. ते एकमेकांनी गुणिले जाते.

यावर आपल्यांतील तरुण अभियंते हसून म्हणतील, "काका, तिरोड्याचे औष्णिक वीजकेंद्र ३३०० मेगावॅटचे आहे. तुमच्या साऱ्या शहराच्या पंपांची दिवसाची वीज ते पूर्ण शक्तीने चालले असता सात सेकंदांत निर्माण करते. तेथे कोळशाच्या गाड्याच्या गाड्या जळत असताना तुम्ही नळाची तोटी काय घट्ट करीत बसलात?" आक्षेप खरा आहे आणि हिशेबही खरा आहे; आम्ही तो स्वतः करून पाहिला आहे. यास आमची तीन उत्तरे आहेत.

पहिले असे की, ते केंद्र स्वतःच्या हौसेने जळत नाही. ते कोट्यवधी लहान मागण्यांसाठी जळते. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने २०१६ साली केलेल्या पाहणीप्रमाणे पाणी उचलणे, शुद्ध करणे, पोहोचविणे आणि सांडपाण्यावर प्रक्रिया करणे या कामी जगातील विजेचा सुमारे चार टक्के वाटा खर्च होत होता. एक नळ क्षुल्लक असेल, पण सगळ्या जगाचे नळ क्षुल्लक नव्हेत. दुसरे असे की, वीजकेंद्र कसे चालवावे हे आपल्या हाती नाही. गावची नळयोजना कशी चालवावी हे ग्रामपंचायतीच्या, म्हणजे आपल्याच हाती आहे. तिसरे उत्तर सर्वांत महत्त्वाचे, आणि ते आम्ही आमच्या अनुभवाने देतो.

अर्जुनी मोरगाव तालुक्यातील आमच्या गावी काही वर्षांपूर्वी एका उन्हाळ्यात नळ मुके झाले. पंप चांगला होता आणि पाणीही होते. परंतु विजेचे देयक थकले होते आणि जोडणी तोडली गेली होती. देयक का थकले? पाणीपट्टी वसूल होत नव्हती म्हणून. पाणीपट्टी का वसूल होत नव्हती? लोक म्हणत, नळास धड पाणी येत नाही, पैसे कशाचे द्यावयाचे? आणि धड पाणी का येत नव्हते? टाकीतले पाणी वाटेतच जमिनीत मुरत होते, आणि जे उरे ते मुख्य नळाजवळची घरे टिल्लू पंप लावून ओढून घेत. या टिल्लू पंपवाल्यांत आमचे सख्खे भाऊबंद होते, आणि पहिली दोन वर्षे आम्हीही होतो, हे येथे कबूल केले पाहिजे. तीन आठवडे गावाने हाल सोसले. पाळीखालच्या मोहल्ल्यात जुन्या विहिरीस पाणी होते; तेथल्या बायकांनी दोर व बादल्या पुन्हा बाहेर काढल्या. पलीकडच्या वस्तीची बोडी मात्र बुजवून तिची बांधी करण्यात आली होती. तेथील विहीर कोरडी होती. त्या वस्तीच्या लेकी भर उन्हात अर्धा कोस चालत येत होत्या. ते दृश्य पाहिल्यावर आम्हांस उमगले की, ज्या युनिटाचा धूर आकाशात जातो त्याच युनिटाचा आकडा देयकावर चढतो, आणि तोच आकडा शेवटी योजनेचा गळा आवळतो. धूर कमी करणे आणि नळ चालू ठेवणे ही दोन कामे नव्हेत. ते एकच काम आहे.

मग हे काम करावयाचे कसे? उपाय अद्भुत नाहीत.

गळती शोधणे हा पहिला उपाय. रात्री दोन वाजता, गाव निजलेले असता, टाकीतून बाहेर जाणारे पाणी मोजावे. त्या वेळी कोणी अंघोळ करीत नसतो. जे पाणी जाते त्यातील बहुतेक गळतीचे असते. मोजण्याचे यंत्र नसेल तर टाकीतील पाण्याची पातळी काठीने मोजली तरी अंदाज येतो. तोटी नसलेल्या नळाचाही हिशेब करून पाहावा. पंधरा लिटरची बादली दीड मिनिटात भरत असेल तर तासाभरात सहाशे लिटर पाणी नालीत जाते. ५५ लिटरच्या मापाने ते जवळजवळ अकरा माणसांचे दिवसाचे पाणी होय. केंद्र शासनाने २००८ साली शहरांसाठी जी मानके ठरविली, त्यांत हिशेबात न येणारे पाणी वीस टक्क्यांच्या आत आणावे असे म्हटले आहे. हे ध्येय असाध्य नाही.

सातारा जिल्ह्यात कऱ्हाडजवळ मलकापूर नावाचे लहानसे गाव आहे. तेथे महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाच्या साहाय्याने २००९ च्या सुमारास चोवीस तास पाणी देण्याची योजना सिद्धीस गेली. चोवीस तास पाणी म्हणजे उधळपट्टी असेच कोणासही वाटेल. घडले ते उलट. प्रत्येक जोडणीस मीटर बसला, जुने नळ बदलले गेले, आणि जो अधिक पाणी वापरील त्यास चढता दर लागू झाला. नळास केव्हाही पाणी आहे असा विश्वास बसल्यावर लोकांनी पिंपे भरून ठेवण्याचे आणि दुसऱ्या दिवशी शिळे पाणी म्हणून ओतून देण्याचे सोडले. पाणी वाचले आणि त्यामागोमाग वीजही वाचली. त्या लहान गावास लोकप्रशासनाबद्दल पंतप्रधानांचा पुरस्कार मिळाला. आपल्याकडे मीटर म्हटले की कपाळास आठी पडते. पण मीटर गरिबाचा शत्रू नव्हे. मीटर नसला की जो मोठी मोटर लावतो त्याचे पाणी गरीब भरतो.

दुसरा उपाय पंपाचा. पंप निवडताना बहुधा 'थोडा मोठाच घ्या, कामास येईल' असे म्हणतात. ही समजूत महागात पडते. नळातून पाणी जितक्या वेगाने ढकलावे तितके घर्षण वाढते, आणि ते वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. तेच पाणी आठ तासांऐवजी सोळा तासांत, अर्ध्या वेगाने पाठविले तर घर्षणाची उचल सुमारे एकचतुर्थांश होते. चढावाची उचल अर्थात तेवढीच राहते. परंतु जेथे नळ लांब आणि चढ थोडा आहे तेथे हा फरक फार मोठा पडतो. आपला जिल्हा पुष्कळसा सपाट असल्याने ही गोष्ट आपल्यास विशेष लागू आहे. यास्तव पंपाने दर हजार लिटरमागे किती युनिट खाल्ले, हा एकच आकडा ग्रामपंचायतीने दरमहा फळ्यावर लिहावा. आकडा चढू लागला की पंप आजारी आहे अथवा नळ फुटला आहे हे शाळकरी मुलासही कळेल.

तिसरा उपाय सूर्याचा. आपल्या जिल्ह्यातील अनेक वाड्यावस्त्यांवर हातपंपाच्याच विंधन विहिरीत सौरपंप बसवून वर लहान टाकी उभारलेली आपण पाहिली असेल. त्यास दुहेरी पंप योजना म्हणतात. ऊन असेल तेव्हा सौरपंप टाकी भरतो आणि आभाळ असेल तेव्हा हातपंप चालतो. ज्यांना विजेचे देयक भरणे कठीण अशा दूरच्या वस्तीस ही सोय फार मोलाची आहे. सूर्याच्या विजेस एक खोड आहे. ती रात्री मिळत नाही आणि साठवून ठेवणे महाग पडते. परंतु पाणी साठविणे स्वस्त असते. दिवसा उन्हावर टाकी भरून ठेवली की सकाळ-संध्याकाळ पाणी आपल्याच भाराने घरोघर जाते. उंचावरची टाकी म्हणजे सूर्याची साठविलेली शक्तीच होय. मोठ्या योजनांनीही पंप शक्यतो दिवसा चालवून हा लाभ घ्यावा. मात्र गळक्या नळास सौरपंप जोडणे म्हणजे फुटक्या घागरीस सोन्याचा दोर बांधणे होय. आधी गळती, मग पंप, मग सूर्य, हा क्रम सोडू नये.

आणि चौथा उपाय पुन्हा आपल्या तलावाकडे येतो. शहाण्या माणसांनी पाणी उंचावरून आणण्याची युक्ती सर्वत्र केली आहे. मुंबईस १८६० साली विहारचे आणि १८९२ साली तानसाचे पाणी आले, ते मुख्यतः उताराच्या बळावर. औरंगाबादेस मलिक अंबराने सतराव्या शतकाच्या आरंभी जमिनीखालून नहरी काढून पाणी आणिले. त्याच शहरास, आजच्या छत्रपती संभाजीनगरास, सुमारे पंचेचाळीस किलोमीटर दूर असलेल्या जायकवाडीचे पाणी शंभर मीटरांहून अधिक उचलून द्यावे लागते. शहरे वाढली, जुन्या नहरी पुरेनात, हे आम्हांस मान्य आहे. तथापि जवळचे पाणी गमावले की दूरचे पाणी विकत आणि वर उचलून घ्यावे लागते, हा नियम कोणासही चुकत नाही. २०१८ सारख्या टंचाईच्या उन्हाळ्यात गोंदियासाठी पुजारीटोला धरणाचे पाणी कालव्याने डांगोर्लीकडे आणावे लागले, हे आपल्या स्मरणात असेलच.

नवेगावसारखे तलाव आता गावोगाव नळाने पाणी पुरवितील, असे आमचे म्हणणे नाही. तलावाचे काम त्याहून मूलभूत आहे. तलाव भरला की भूजल वर येते. पन्नास मीटर खोल गेलेले पाणी तीस मीटरांवर आले, तर तेवढ्याच पाण्यास उपसण्याची वीज दोनपंचमांश कमी लागते. हे काम कोणतेही यंत्र न बसविता पाळ आणि माती करतात.

परंतु त्या तलावांची आपण काय दशा केली? १९५१ साली मालगुजारी गेली आणि तलाव सरकारचे झाले. ते 'माजी मालगुजारी', म्हणजे 'मामा तलाव' झाले. पूर्व विदर्भात असे सहा हजारांहून अधिक तलाव आहेत. मालगुजारी गेली ते योग्यच झाले. त्या व्यवस्थेतील अन्याय आम्ही विसरलेलो नाही. पण तलावाचा मालक गेला तसा तलावाचा राखणदारही गेला. गाळ साचला, तुडुमे फुटली, पाळीवर बेशरमाची झुडपे माजली. कुजणाऱ्या वनस्पतीने भरलेले उथळ पाणी स्वतःच मिथेनसारखा वायू सोडते, हेही ध्यानी घ्यावे. मेलेला तलाव केवळ निरुपयोगी नव्हे, तो अपायकारकही होतो. आणि सर्वांत कडू गोष्ट अशी की, तलावाच्या पोटात ज्या बांध्या सरकल्या आहेत त्यांतील काही आपल्याच घरांच्या आहेत. पणजोबांनी पाळ घातली आणि पणतूने ती फोडून धान पेरले, असे झाले आहे. स्मरणिकेत पूर्वजांचे गौरवगान छापावयाचे आणि सातबाऱ्यावर तलाव गिळावयाचा, या दोन गोष्टी एका घरात शोभत नाहीत. आमचे बोलणे कोणास लागले असेल तर क्षमा असावी. परंतु आपल्या माणसांत बोलावयाचे नाही तर कोठे?

याच भागात भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ या संस्थेने ढिवर बांधवांसह तलावांचे पुनरुज्जीवन करण्याचे काम हाती घेतले आहे. बेशरम उपटावयाची, देशी पाणवनस्पती पुन्हा लावावयाच्या आणि मासळी व पाखरे परत आणावयाची, असे ते काम आहे. त्यात ढिवर भगिनी पुढे आहेत. तलाव बांधण्याचा मान आपला असेल. पण आज तो जगविण्याचे श्रम दुसरे करीत आहेत. त्यांच्या खांद्यास खांदा लावणे हेच आपले पूर्वजपूजन होय.

आता समारोपाकडे येतो. भाषणे ऐकून टाळ्या वाजविणे सोपे. म्हणून आम्ही मंडळापुढे चार सूचना नम्रपणे मांडतो. एक, प्रत्येक सभासद कुटुंबाने पाणीपट्टीची थकबाकी येत्या दिवाळीपूर्वी चुकती करावी आणि नळावर लावलेला टिल्लू पंप स्वतःहून काढून टाकावा. दोन, आपल्यांतील जे पंच, सरपंच अथवा पाणीपुरवठा समितीचे सदस्य आहेत, त्यांनी दर हजार लिटरमागील विजेचा आकडा दरमहा ग्रामसभेपुढे ठेवावा. तीन, ज्यांची बांधी तलावात शिरली आहे त्यांनी मोजणीची वाट न पाहता ती मागे घ्यावी. पहिला मान पदाधिकाऱ्यांनी घ्यावा. चार, आपल्या समाजभवनाच्या छपराचे पावसाचे पाणी आपल्याच विहिरीत उतरवावे आणि तेथील पंप उन्हावर चालवावा. जे लोकांस सांगावयाचे ते आधी स्वतःच्या अंगणात करावे.

२०२१ साली भारताने २०७० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचे ध्येय जाहीर केले. २०७० साली आज पाळण्यात असलेली आपली नातवंडे प्रौढ असतील. त्यांच्या संमेलनात कोणी उभा राहून पूर्वजांची नावे घेईल, तेव्हा त्या पूर्वजांत आपणही असू. कोलू पाटलांनी पाणी अडविले. आपण ते गळू दिले नाही, एवढे जरी त्यांना म्हणता आले तरी पुष्कळ झाले.